हिवराच्या वावराची माती

पाऊस परतीला लागला की धुळ्याच्या हवेत एक कोरडा, जरासा भाजल्यासारखा वास येतो. पांझरेचं गढूळ पाणी खाली बसतं, दुपारी ऊन चटका देऊ लागतं, आणि ग्रंथालयात मी खिडक्या उघडून दमट पुस्तकांना वारा देते. ह्याच दिवसांत गावाकडून भावाचा, नानाचा, फोन येतो. हवापाणी विचारून झालं की तो दरवर्षीचा प्रश्न विचारतो.

"बेबी, माटी मी काढी ठेवू, का तू येशी?"

"मी येते," मी म्हणते. "तू हात लावू नकोस."

घटासाठी लागणारी माती. नवरात्रात देवीपुढे टोपलीत माती पसरायची, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा, भोवती धान्य पेरायचं, आणि दसऱ्यापर्यंत वाढलेली रोपं उपटून पुरुषांनी टोपीत, बायकांनी केसांत खोचायची. हे सगळीकडेच होतं. फरक इतकाच, की आमच्या घरी ही माती आता हिवराच्या वावरातून येते, आणि ती आणायला मी एस.टी.ने अमळनेरमार्गे जाते. पायातल्या चपला बांधावर काढते. नांगरटीतून सरळ त्या वाकड्या हिवराच्या झाडाखाली जाते आणि जिथली माती सगळ्यात वाईट म्हणून गावात प्रसिद्ध होती, तिथेच बसून दोन ओंजळी उचलते. माझ्या वयाच्या, चष्मा लावलेल्या बाईनं वावरात बसून माती हुंगावी हे बघून रस्त्यावरून जाणारे हसतात. हसू देत. मला त्या मातीचा अभिमान आहे.

आमचं गाव तापीकाठचं. तिथली दादर म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. दादर ही रब्बीची ज्वारी. पाऊस गेल्यावर पेरायची. नंतर तिला वरून पाण्याचा थेंब मिळाला नाही तरी चालतं, काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ती माणसाच्या डोक्यावर जाते. दाणा मोत्यासारखा. भाकरी अशी मऊ, की दुसऱ्या दिवशीही भरितासोबत गोड लागते. आमच्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर स्वतःच्याच कणसांमधून बी निवडलं. गावात त्या वाणाला नाव नव्हतं, लोक 'आबानी दादर' म्हणत. आबा गेले, आणि नदीजवळच्या मळईच्या, म्हणजे गाळाच्या, वावरात विहिरीच्या पाण्यावर केळी आली. दादरला उरलं ते हिवराचं वावर.

आणि तिथे ती मरू लागली.

मरणं एकदम दिसत नसे. उगवण चांगली व्हायची, पेरणीचे तासच्या तास हिरवे दिसायचे. मग कुठे कुठे रोपं पिवळी पडत, मान टाकत, आणि वावरात टक्कल पडल्यासारखे गोल दिसू लागत. आबांच्या शेवटच्या वर्षांतच हे सुरू झालं होतं. कुणी म्हणालं उधई, म्हणजे वाळवी, आहे, कुणी म्हणालं ओल कमी पडली. नानानं डोक्यावरून घागरी नेऊन त्या गोलांना पाणी घातलं. पुढच्या वर्षी बियाण्याला औषध चोळलं. पहिले काही दिवस रोपं तरारली आणि मग पुन्हा तेच.

माझी थोरली बहीण अक्का वनस्पतींच्या रोगांची अभ्यासक होती. धुळ्याला एका कॉलेजात शिकवायची. लग्न केलं नाही. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रोज संध्याकाळी चहाला यायची. मी पुस्तकांत रमणारी, ती बुरशीत. "तुझ्या पुस्तकांना बुरशी लागली की मला बोलव," असं म्हणायची, आणि पावसाळ्यात खरंच येऊन एखाद्या जुन्या बांधणीवरची पांढरी लव भिंगातून बघत उभी राहायची, लेणं पाहावं तशी.

ती हा रोग बघायला हिवराच्या वावरात पहिल्यांदा आली तेव्हा मी सोबत होते. नाना पिवळी पानं दाखवत होता. अक्कानं पानांकडे पाहिलंच नाही. उकिडवी बसली, बोटांनी माती सैल केली, रोप अलगद उपटलं आणि उलटं धरलं. मुळं वर, पानं खाली.

"पानं वरे शेतस, तू खाले काय देखी राहिनी?" नाना म्हणाला.

"नाना, मानूस तोंडवर फिक्का पडस, पन दुखनं पोटमा ऱ्हास. पहिले मुळ्या देख."

तिनं ते रोप उन्हात धरलं. मुळं आखूड होती, टोकाला तपकिरी, आणि खोडाच्या बुडाशी लालसर काळं. निरोगी रोपाची मुळं पांढरी असतात, ओल्या सुतासारखी चमकतात. ही चहात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. नानानं डोक्यावरून नेलेल्या घागरी त्या मुळांना पिताच आल्या नव्हत्या. रोपाला तहान नव्हती, त्याचं तोंडच बंद झालं होतं.

त्या मुळांमधून तिनं बुरशी वेगळी केली. तिचं नाव लांबलचक लॅटिन होतं, मला कधी पाठ झालं नाही, आणि अक्का तिला 'भाडेकरू' म्हणायची. बटाट्याच्या काढ्याच्या थिजलेल्या तबकड्यांमध्ये हा भाडेकरू गोल गोल पसरायचा, वरून कापसासारखा पांढरा, खालून पेरूच्या गरासारखा गुलाबी. दिसायला इतका सुंदर, की मी एकदा म्हटलं, ह्याच्या रंगाची साडी घेईन. अक्का म्हणाली, "घे. पण त्याच्या घरी जेवायला जाऊ नकोस."

मग तिनं मला जे दाखवलं ते मी कधी विसरले नाही. तिनं तो भाडेकरू पातळ काढ्यात वाढवला आणि तो काढा अशा बारीक गाळणीतून गाळला की बुरशीचा एक कणही पलीकडे जाऊ नये. खाली जे उतरलं ते चहाच्या फिक्या पाण्यासारखं, निवळ. त्यात जिवंत असं काही उरलं नव्हतं. ते पाणी काचेच्या नळ्यांत भरून त्यात तिनं ज्वारीची कोवळी, धडधाकट रोपं मुळांपर्यंत सोडली. दुसऱ्या नळ्यांमध्ये साधा काढा, ज्यात बुरशी कधी वाढलीच नव्हती. दोन-तीन दिवसांनी मला बोलावलं. साध्या काढ्यातली मुळं खाली खाली धावली होती. गाळलेल्या पाण्यातली होती तिथेच थांबली होती आणि टोकाला तपकिरी झाली होती.

"बघ," ती म्हणाली, "चोर घरात नाहीच. फक्त त्याचं विष आहे. तेवढंच पुरतं."

तिचं म्हणणं असं होतं, की बुरशी मुळाला दातांनी कुरतडत नाही. ती आधी विष सोडते. विष मुळाच्या टोकाला थांबवतं, पेशींची दारं खिळखिळी करतं, आतलं पाणी-मीठ बाहेर झिरपू लागतं, आणि मग बुरशी त्या पडक्या घरात आरामात शिरते. अशा काही बुरशींची विषं समोर येईल त्या रोपाला मारतात, गहू, मका, बाजरी, सगळ्यांना. काही मात्र माणसं ओळखून दार वाजवतात. आमचा भाडेकरू त्यांतला होता. तेच गाळलेलं पाणी तिनं गव्हाच्या रोपांना पाजलं तर गहू मजेत वाढला. मक्यालाही काही झालं नाही. आबांची दादर मात्र जागच्या जागी थांबली. मला ते फार वाईट वाटलं. इतक्या सगळ्या पिकांमधून त्या विषानं नेमकं आमचंच घर शोधावं!

अक्काला वाईट वाटलं नाही. तिला युक्ती सुचली.

पण युक्तीच्या आधी घटाची गोष्ट सांगायला हवी, कारण भांडण तिथे झालं.

आमच्या घरात पूर्वीपासून एक रीत होती. ज्या बियाण्याची पेरणी करायची तेच घटाभोवती पेरायचं. घट हिरवागार आला की बी चांगलं, देवीचा कौल मिळाला, दसऱ्यानंतर पेरणीची पाभर जुंपायची. रीत शहाणपणाची होती. त्यात एकच चूक होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षात आली नाही. देवीला चांगलं द्यावं म्हणून माय, आमची आई, घटासाठी माती आणायची ती मळईच्या वावरातून. भुसभुशीत, चाळलेली, गावातली सगळ्यात गोड माती. त्या मातीत घट दरवर्षी दाट यायचा. कौल मिळायचा. आणि तेच बी आम्ही हिवराच्या वावरात पेरायचो.

अक्कानं एका वर्षी मायला न विचारता टोपलीतली माती बदलली. मळईची काढून हिवराची भरली. पाचव्या माळेपर्यंत रोपं बोटभर वाढली आणि मग एकेक करून आडवी झाली. देवीसमोर, समईच्या उजेडात, अख्खा घट झोपला.

माय थिजून बसली होती. शेजारच्या सुमनमावशी हळदीकुंकवाला आल्या आणि दारातच थबकल्या. "काय वं जिजी, यंदा देवी रुसनी का?"

तेव्हा अक्का बोलली. माती तिनं बदलली होती हे तिनं सरळ सांगितलं. मायचा आवाज मी तितका चढलेला कधी ऐकला नव्हता.

"हाई देवीनं घर शे, तुनी परयोगशाळा नही!"

"देवी खरं बोलनी, माय," अक्का म्हणाली. "आपण दरसाल तिले दुसरीच माटी दखाडतस."

माय तिच्याशी दसऱ्यापर्यंत बोलली नाही. दसऱ्याला नाना बिनरोपांच्या टोपीनं सोनं वाटायला निघाला, तेव्हा पारावरून कुणीतरी ओरडलं, "नाना, टोपी रिकामी का भो? घटले उंदीर लागनात का?" नानाचा चेहरा मला अजून आठवतो. पण घरी आल्यावर त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि अक्काला विचारलं, "वावरना एक कोपरा देऊ का तुले?"

तो कोपरा आणि धुळ्याच्या त्या नळ्या, यांच्यात अक्काची पुढची वर्षं गेली. युक्ती सोपी होती, निदान ती सांगायची तेव्हा सोपी वाटायची. आबांचं बी सगळं सारखं दिसलं तरी सगळं सारखं नसणार. इतक्या दाण्यांत एखादा असा असेल ज्याला ह्या विषाची भाषाच कळत नाही. मग विषालाच विचारायचं, कोण ते दाखव. तिनं आबांच्या दादरची रोपं ढिगानं रुजवली आणि त्या गाळलेल्या पाण्यात सोडली. जवळजवळ सगळी थांबली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रोपांची मुळं मात्र, जणू कुणी काही बोललंच नाही अशी, खाली वाढत राहिली. पांढरी. त्या दिवशी ती चहाला आली तेव्हा पायऱ्या धावत चढली होती. पन्नाशीतली बाई!

ती रोपं तिनं हिवराच्या कोपऱ्यात लावली. फुलोऱ्याच्या आधी प्रत्येक कणसावर खाकी कागदाची पिशवी चढवली, शेजारच्या ज्वारीचा पराग मिसळू नये म्हणून. दुरून ते कणसांनी टोप्या घातल्यासारखं दिसे, आणि गावाला नवीन विषय मिळाला. "अक्का दादरले टोप्या घालस, आनि नानानी टोपी रिकामी!" अक्का त्यांच्याबरोबर हसायची. त्या कणसांचं बी पुन्हा विषात, तगलेलं पुन्हा कोपऱ्यात, पुन्हा पिशव्या. माय बांधावर यायची, पण कोपऱ्यात पाय ठेवायची नाही. दुरूनच विचारायची, "जेवनी का?" बस, तेवढंच.

मग अक्का आजारी पडली.

त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. जळगावच्या दवाखान्यात तिला कॅन्सरची औषधं चढवत, त्यांतली एक बाटली लाल रंगाची होती. अक्का तिच्याकडे बघत म्हणाली, "मी आयुष्यभर रोपांना विष पाजून बघितलं. आता डॉक्टर मला पाजताहेत. बघू बेबी, माझी मुळं वाढतात का."

मी हसले. तिला हसवायचं असलं की माणसाला हसावंच लागायचं.

वाढली नाहीत. वैशाखात ती गेली.

तिच्या मागे माझ्याकडे आला एक पत्र्याचा चहाचा डबा. शेवटच्या पिशव्यांमधलं बी. ज्वारीला बी थोडंच लागतं, एका डब्यात आमचं वावर पेरून होतं. आजारपणाच्या वर्षी कोपरा पडीक राहिला होता आणि नळ्या रिकाम्या, त्यामुळे ह्या बियाण्याची परीक्षा कुणीच घेतलेली नव्हती. उन्हाळाभर तो डबा माझ्या पुस्तकांच्या कपाटात होता. मी रोज कपाट उघडायची, पुस्तक काढायची, डब्याला हात लावायची नाही. भाद्रपद सरत आला तेव्हा कळलं, की आता तो उघडला नाही तर त्यात फक्त दाणे उरतील.

मी डबा घेऊन गावी गेले. ओसरीवर मक्याच्या बियाण्याच्या पिशव्या रचलेल्या होत्या. नाना माझी नजर चुकवत होता.

"बेबी, मी थकनू," तो म्हणाला. "आते मका लावसू. अक्का ऱ्हाती ते आनखी एक साल देखतू."

त्याचं खोटं नव्हतं. कोपऱ्यात उभी राहिलेली रोपं त्यानंही पाहिली होती, पण कोपरा म्हणजे वावर नव्हे. यंदा दादर पेरली नाही की आबांचं बी संपणार होतं. घरात साठवलेलं जुनं बी किडत आलं होतं. आणि अक्कानं ज्यासाठी इतकी वर्षं घालवली ते एका चहाच्या डब्यात संपणार होतं. मला युक्तिवाद करता येत नाही. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.

माय आतून आली. तिनं डबा माझ्या मांडीवरून उचलला, झाकण काढलं, दाणे तळहातावर घेतले. मग नानाला म्हणाली, "हिवरना वावरनी माटी लई ये."

सुमनमावशी तिथेच शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. "जिजी, पोरले जाईसन वरीस नही व्हयनं. तठली माटी कसाले? घट पडी गया ते?"

त्यांची भीती खरी होती. मुलगी गेल्याच्या वर्षात देवीसमोर घट कोसळला तर गावानं काय म्हटलं असतं, आणि मायनं स्वतःला काय म्हटलं असतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षाच्या आत घरात गोडधोड नाही, तोरण नाही; घट तेवढा मोडायचा नसतो म्हणून बसवायचा. तो मळईच्या मातीत गुपचूप बसवता आला असता.

"पडना ते पडू दे," माय म्हणाली. "देवीले दुसरीच माटी कितला साल दखाडू?"

नाना टोपली घेऊन गेला. मी माती फोडली, पसरली, मायनं पाण्याचा घट ठेवला. मी डब्यातलं बी पेरायला घेतलं तर तिनं माझा हात धरला. "एकच अंगे टाक. दुसरा अंगे आबानं जुनं बियानं. जोड नही ते कसं समजी?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. जोड हवी, जोडीशिवाय काही कळत नाही, हे अक्काचे शब्द होते, नळ्यांच्या त्या रांगांपुढे उभं राहून म्हटलेले. मायनं ते केव्हा ऐकले? बांधावरून, "जेवनी का" विचारता विचारता, ती बरंच काही ऐकत आली होती.

ते नवरात्र मी गावातच काढलं. तिसऱ्या माळेला माती फुटली आणि टोकदार कोंब वर आले, दोन्ही बाजूंना सारखेच. चौथ्या माळेला दोन्ही बाजू तितक्याच हिरव्या. नाना येता-जाता देवघरात डोकावे आणि वावरात निघून जाई. मक्याच्या पिशव्या ओसरीवर होत्या तशाच होत्या. सुमनमावशी हळदीकुंकवाला येत, देवीला नमस्कार करत, पण नजर टोपलीवर. मी पुस्तक उघडून बसायची आणि एका पानावरच असायची.

पाचव्या माळेच्या सकाळी माय माझ्याआधी उठली होती. मी गेले तेव्हा ती टोपलीसमोर मांडी घालून बसलेली, हात पदराखाली. खिडकीतून ऊन नुकतंच टोपलीवर आलं होतं. आबांच्या जुन्या बियाण्याची बाजू आडवी झाली होती, पुरात झोपलेल्या गवतासारखी. आणि तिला लागून, त्याच मातीत, त्याच पाण्यावर, अक्काची बाजू सरळ उभी होती. मधली रेषा सुरीनं कापल्यासारखी.

"उभं शे वं, बेबी," माय म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, घरभर ऐकू जाईल असं, "उभं शे!"

नाना गोठ्यातून धावत आला. सुमनमावशी भिंतीपलीकडून आल्या. मी रडत होते आणि नाना हसत होता, का उलट होतं, ते आता नक्की आठवत नाही. मला वाटतं, माणूस जिंकल्यावर असाच दिसत असावा, थोडा वेंधळा.

त्या वर्षी मका परत गेला. दसऱ्यानंतर हिवराच्या वावरात पाभर चालली, सबंध, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मार्गशीर्षात मी गेले तेव्हा त्या वावरात टक्कल कुठेच नव्हतं. दादर नानाच्या डोक्यावर गेली होती, कणसं दुधात आली होती, आणि वाऱ्यानं सगळं वावर एकदम एका अंगावर वळायचं तेव्हा कुणीतरी मोठं पुस्तक उलगडावं तसा आवाज व्हायचा. आम्ही बांधावर आगटी पेटवून हुरडा भाजला. नानानं पहिलं कणीस हिवराच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवलं.

आज त्या वावरात तीच दादर आहे. फैजपूरकडच्या आमच्या मावसभावानं, केळीवाल्यानं, भाकरीसाठी म्हणून ती मागून नेली आणि पुढच्या वर्षी बियाण्यासाठी मागितली. मला अक्काचं शेवटचं बजावणंही आठवतं, "हे एका बुरशीपुरतं आहे बरं. भाडेकरू बदलला की पुन्हा नळ्या मांडाव्या लागतील." म्हणून नाना दरसाल दादरवर दादर घेत नाही, मध्ये हरभरा पेरतो, आणि काही कणसांवर पिशव्या चढवायला अजून चुकत नाही. गाव आता हसत नाही. गावानं तर वेगळंच चालवलं आहे. आमच्या गल्लीत आता घटाला गोड माती कुणी आणत नाही. ज्याचं त्याचं सगळ्यात वाईट वावर टोपलीत येतं. ज्यांचा घट पडतो ते त्या वावराला विसावा देतात, दुसरं काही पेरतात, किंवा डबा घेऊन नानाकडे येतात. नवरात्रात बायका एकमेकींना विचारतात, "तुनी माटी कोठली?" आणि त्यातही चढाओढ लागते. गेल्या वर्षी सुमनमावशी भर गल्लीत हात नाचवून म्हणाल्या, "मना वावर इतकं खराब वावर गावमा दुसरं नही!" असा ताठा त्यांच्या आवाजात मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही ऐकला नव्हता.

पण मला परत अक्काचा घट उभा राहिला त्या पहिल्या दसऱ्याकडे जायचं आहे.

सकाळी आरती झाली. मायनं टोपलीतून अक्काच्या बाजूचं एक रोप उपटलं. झटका देऊन माती पाडली, घटातल्या पाण्यात बुडवून मुळं धुतली आणि रोप उलटं धरलं, खिडकीकडे, उजेडात. पानं खाली, मुळं वर. तिनं हे केव्हा पाहिलं असेल, किती वेळा, त्या बांधावरून. मुळं लांब होती, दाट होती, आणि ओल्या सुतासारखी चमकत होती. बराच वेळ ती बघत राहिली. मग नानाला म्हणाली, "वाक."

नाना वाकला. तिनं रोपांची जुडीच्या जुडी त्याच्या टोपीत खोचली, तशीच, उलटी. पानं टोपीच्या आत, पांढऱ्या मुळांचा तुरा बाहेर. माझ्या केसांतही तशीच एक खोचली. गार पाण्याचा थेंब माझ्या मानेवर ओघळला.

नाना त्या टोपीनं गावातून निघाला. मी त्याच्यामागे. पारावर तीच मंडळी बसली होती. मग एकजण ओरडला, "नाना, उलटं खोसी लिधं भो!"

नाना थांबला. टोपी काढली नाही, हातही लावला नाही. मान जरा ताठ केली, म्हणजे मुळं सगळ्यांना नीट दिसावीत.

"उलटं नही," तो म्हणाला. "आमनी अक्का असंच धरे."